प्रत एकच, तीही शर्टाच्या खिशात

नगर जिल्ह्यात मोबाईल पाण्यात पडायच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली जागा विहीर. मोटार पाणी का उचलत नाही हे बघायला माणूस कठड्यावरून वाकतो आणि शर्टाच्या वरच्या खिशातला मोबाईल त्याच्याआधी खाली जाऊन बघून घेतो. दुसरी जागा शेततळं. तिथे तो प्लास्टिकच्या कागदावरून सावकाश घसरत जातो, म्हणजे जाताना शेवटपर्यंत दिसतो, हे जास्त वाईट. तिसरी भंडारदऱ्याचं पाणी आणि रंधा धबधबा. पावसाळ्यात पुण्या-नाशकाहून आलेली मंडळी तिथे कठड्याबाहेर हात काढून सेल्फी घेतात. चौथ्या जागेचं नाव छापील मजकुरात घ्यायचा संकेत नाही. पण खूप मोबाईल तिथेच पडतात आणि दुकानात आल्यावर मालक 'बेसिनमध्ये पडला' असं सांगतो. जिल्हा दुष्काळी, पाथर्डी-पारनेरकडे उन्हाळ्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लागतात. पण मोबाईल बुडण्यापुरतं पाणी चौदाही तालुक्यांत बारमाही मिळतं.

पाण्यातून निघालेला मोबाईल पुसून थेट तांदळाच्या डब्यात जातो. ज्या घरात तिन्ही त्रिकाळ बाजरीची भाकरी असते, त्या घरातही मोबाईलसाठी तांदूळच लागतो. बाजरीत ठेवल्याचं ऐकिवात नाही. अ‍ॅपल कंपनीने २०२४ साली लेखी सांगितलं की भिजलेला फोन तांदळात ठेवू नका, तांदळाचे बारीक कण आत जाऊन उलट नुकसान होतं. आमच्याकडे ते कुणी मनावर घेतलं नाही. कंपनीला फोन बनवता येतो, तांदळातलं तिला काय कळतं?

तांदळातून निघालेल्या मोबाईलची पुढची पायरी म्हणजे नगरच्या बाजारपेठेतलं दुरुस्तीचं दुकान. दुकान इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं तर मालकाला बाहेर यावं लागतं. काउंटरवर दिवा लावलेलं भिंग, गरम हवेची बंदूक, ब्रश, आणि झाकण काढलेले पाच-सहा फोन. समोर राहुरीकडचे एक नाना, पांढरी टोपी, हातात कॅरीबॅग. कॅरीबॅगमध्ये फोन आणि फोनबरोबर आलेले थोडे तांदूळ.

"कशात पडला, नाना?"

"पाण्यात."

"ते दिसतंय. कुठल्या?"

"इहिरीच्या."

"तांदळात किती दिवस होता?"

नाना चपापले. तांदळाचं याला कसं कळलं? दुकानदार मुलाने काही न बोलता चार्जिंगच्या भोकात चिमटा घातला आणि एक अख्खा दाणा बाहेर काढला. उजेडात धरला. "इंद्रायणी का?"

"कोलम," नाना म्हणाले. मग पुढे वाकून हळूच, "हे बघ, फोन गेला तर गेला. जुनाच हाये. फोटू तेवढे काढून दे."

दुरुस्तीच्या दुकानात हे वाक्य रोज बोललं जातं. फोनची किंमत काही हजारांत सांगता येते. फोटोंची किंमत सांगायची वेळ आली की माणूस गप्प होतो आणि काउंटरवरच्या काचेवर बोट फिरवत बसतो. एरवी कांद्याच्या लिलावात पैशा-पैशासाठी भांडणारे नाना "किती व्हतील ते घे" म्हणाले, तेव्हा दुकानदार मुलगाही जरा ओशाळला.

आता या फोनमध्ये असतं तरी काय? आपल्याकडच्या कुठल्याही कर्त्या माणसाची गॅलरी उघडून बघा. कांद्याची पट्टी. फवारणीच्या औषधाच्या बाटलीचं लेबल, कारण नाव इंग्रजीत आहे आणि दुकानदाराला दाखवायचंय. ऊसतोडीची पावती. जळालेल्या डीपीचा फोटो, वायरमनला पाठवलेला, उत्तर न आलेला. ई-पीक पाहणीसाठी काढलेलं सोयाबीन. विकायला काढलेल्या गाईचे चारी बाजूंनी फोटो, त्यांपैकी एकात गाय हललेली. आधार कार्ड पुढून, आधार कार्ड मागून, बायकोचं आधार कार्ड, आणि ओळखू न येणाऱ्या एका माणसाचं आधार कार्ड. सूर्योदय, गुलाब आणि चहाचा कप असलेले शेकडो सुप्रभात. चुकून दाबलेल्या बटणाने काढलेले स्वतःच्या चपलेचे फोटो. आणि या सगळ्यात कुठेतरी मध्येच, ओट्यावर बसून शेंगा निवडणारी आई. तिने वर बघितलंय, काहीतरी बोलते आहे, फोटो किंचित हललाय. त्यानंतर तिचा फोटो काढायचा राहिलाच. नाना ज्याच्यासाठी "किती व्हतील ते घे" म्हणत होते, तो हा एक. बाकीचे सगळे त्याच्या आधाराने राहत होते.

नानांचा फोन पाण्याने गेला. फोटो जाण्याचा दुसरा राजमार्ग म्हणजे स्वतःच्या हाताने उडवणं. स्क्रीनवर 'स्टोरेज फुल' आलं की घरातल्या शहाण्या माणसाच्या अंगात साफसफाई संचारते. सुप्रभात नक्की कुठल्या फोल्डरात आहेत हे माहीत नसतं, त्यामुळे सगळं निवडून एकदम डिलीट होतं. गुलाब वाचतात, बारसं जातं.

डिलीट झालं म्हणजे नेमकं काय होतं, हे मात्र समजून घेण्यासारखं आहे. फोटो मेमरी कार्डावर एका जागी असतो आणि तो कुठे आहे याची नोंद दुसऱ्या जागी. डिलीट केलं की सहसा फक्त नोंद जाते. म्हणजे सातबाऱ्यावरून तुमचं नाव कमी झालं, पण जमीन बांध-विहिरीसकट जागच्या जागी आहे. फक्त कागदोपत्री ती आता पड दिसते, आणि पुढचा जो कोणी फोटो येईल तो बेलाशक तिथे नांगर घालतो. एकदा नांगर फिरला की मग तलाठीभाऊसाहेबांपासून थेट मंत्रालयापर्यंत कुणीही काही करू शकत नाही. म्हणून फोटो उडाल्याचं कळताक्षणी त्या कार्डाला हात लावायचा नसतो. कार्ड काढून बाजूला ठेवायचं, कंप्युटरला जोडायचं, आणि फोटोरेकसारख्या सॉफ्टवेअरने शोधायचं. ख्रिस्तोफ ग्रेनिए नावाच्या माणसाने ते बनवलं आणि जगाला फुकट दिलं. सापडलेले फोटो त्याच कार्डावर न उतरवता दुसऱ्या डिस्कवर उतरवायचे.

प्रत्यक्षात काय होतं? फोटो गेल्याबरोबर माणूस त्याच फोनमध्ये फोटो परत आणणारी पाच अ‍ॅप उतरवून घेतो. प्रत्येक अ‍ॅप आधी तीस सेकंदांची जाहिरात दाखवतं, मग 'आठ हजार फोटो सापडले' असं सांगतं आणि मग पैसे मागतं. त्या आठ हजारांत बहुतेक जुने सुप्रभातच असतात, तेही टिकलीएवढे. मधल्या वेळात या पाच अ‍ॅपनी नेमक्या त्याच पडीक रानात घरं बांधलेली असतात. शिवाय फोन चालतो की नाही हे बघायला माणसाने दोन-चार नवे फोटो काढलेले असतात. बहुधा चपलेचे.

कार्डावरचं काही परत आलंच तर ते कसं येतं हेही बघायला हवं. एका लग्नात हौशी मेहुण्याने हळदीचा व्हिडिओ घ्यायला म्हणून कॅमेऱ्यातलं कार्ड फॉरमॅट केलं. त्यावर साखरपुडा होता. मेहुणा जिवंत आहे, एवढंच इथे सांगतो. साखरपुड्यातले बरेच फोटो परत मिळाले, पण नाव-गाव-तारीख सगळं विसरून. प्रत्येकाला नाव म्हणून एक इंग्रजी अक्षर आणि पुढे लांबलचक आकडा. कार्यक्रमाचा क्रम मोडलेला. आधी जेवण, मग ओटी, मग पाहुण्यांचं आगमन. काही फोटो अर्धेच आले. नवरदेव फेटा, कपाळ, मिशी असा छातीपर्यंत व्यवस्थित, आणि खाली सगळा करडा पट्टा. पट्ट्याच्या वरून एक हात पेढा घेऊन येतो आहे. हात कुणाचा यावर दोन्ही घरांत अजून एकमत नाही.

हे झालं मेमरी कार्डाचं. फोनच्या पोटातल्या साठ्याची गोष्ट आणखी कठोर. गेल्या काही वर्षांतले फोन आतला सगळा मजकूर कुलूपबंद करून ठेवतात आणि मोकळी झालेली जागा फावल्या वेळात स्वतःच झाडून काढतात. कुलपाची किल्ली त्याच फोनच्या प्रोसेसरशी बांधलेली. त्यामुळे 'चिप काढून दुसऱ्या फोनला लाव ना' ही सूचना, जी दुकानात उभं असलेलं प्रत्येक तिसरं गिऱ्हाईक फुकट देतं, ती चालत नाही. बोर्ड जिवंत झाला तर फोटो, नाहीतर नाही. दुकानदार मुलाला हे माहीत असतं. पण तो "बघतो, दोन दिवसांनी या" म्हणतो, कारण तोंडावर नाही म्हणायला त्यालाही जड जातं.

उडवलेले फोटो काही दिवस ट्रॅशमध्ये पडून असतात. गूगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेला फोटो उडवला तर ६० दिवस, आयफोनमध्ये ३० दिवस. इतकी मोठी सवड देऊनही ट्रॅश नावाचा प्रकार असतो हे निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. ज्यांना ठाऊक असतं त्यांना केर साठलेला बघवत नाही, म्हणून ते तोही लगेच रिकामा करतात. एका काकूंनी याच्याही पुढे मजल मारली. फोटो गूगलवर गेलेत, म्हणजे सुरक्षित आहेत, हे लेकाने सांगितलं होतं. मग फोनमधले ठेवून काय करायचे, म्हणून गूगलच्याच अ‍ॅपमध्ये शिरून त्यांनी सगळे उडवले. फोनमधलेही गेले, वरचेही गेले. दोन ठिकाणी दिसतो म्हणजे दोन प्रती आहेत, असा त्यांचा सरळ हिशेब. तो एकाच प्रतीचा दोन खिडक्यांतून दिसणारा चेहरा होता, हे लेकाने सांगितलं नव्हतं. फोन हलका करायचा असेल तर त्याच अ‍ॅपमध्ये 'फ्री अप स्पेस' नावाचं वेगळं बटण आहे. ते फक्त फोनमधली प्रत काढतं, वरची ठेवतं. काकूंना ते आता पाठ आहे, पण आता उडवायला काही उरलेलं नाही.

आणि मग जीमेल आयडी. फोटो खरं तर ढगात सुखरूप आहेत, पण ढगाची किल्ली हरवली आहे, अशी घरं प्रत्येक गावात सापडतील. फोन घेताना दुकानातल्या पोऱ्याने आयडी काढून दिलेला असतो. आयडी काय? "ते त्यानेच काढलंय." पासवर्ड? "मोबाईल नंबरच असंल." कुठला नंबर? "तो आता बंद आहे." रिचार्ज परवडेना म्हणून, किंवा दुसऱ्या कंपनीची ऑफर आली म्हणून, नंबर सोडून दिलेला. बंद झालेला नंबर साधारण ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. तेव्हा तुमच्या नातवाच्या पहिल्या वाढदिवसाच्या फोटोंचा ओटीपी आज कदाचित वर्ध्यातल्या एखाद्या अनोळखी गृहस्थाला जातो आहे, आणि तो सज्जन माणूस सायबर चोरी समजून तो पुसून टाकतो आहे. भरीला, सलग दोन वर्षं न उघडलेली खाती काढून टाकायचं गूगलने २०२३ च्या डिसेंबरपासून सुरू केलं आहे.

ही सगळी फजिती ज्या जिल्ह्यात चालते त्या जिल्ह्याला प्रती जपणं नवं नाही, हे मला राहून राहून आश्चर्याचं वाटतं. नेवासं आपल्याच जिल्ह्यात आहे. शके १२१२, म्हणजे १२९० साली, तिथल्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ती मूळ प्रत आज कुठे आहे? नाही. तरी ज्ञानेश्वरी आहे, कारण त्या एका प्रतीवरून कुणी दुसरी केली, दुसरीवरून दहा झाल्या, आणि त्या गावोगाव वेगवेगळ्या माणसांच्या फडताळात गेल्या. नक्कल करताना चुका शिरल्या, कुणी उत्साहाच्या भरात आपल्या ओव्या मध्ये घुसडल्या. मग शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी वेगवेगळ्या प्रती समोर ठेवून शुद्ध पाठ तयार केला आणि शेवटी ताकीद दिली की यापुढे कुणीही यात स्वतःची ओवी घालू नये. कंप्युटरवाले ज्याला 'रीड ओन्ली' म्हणतात, ते पैठणला सव्वाचारशेहून जास्त वर्षांपूर्वी झालं. फोटोरेकच्या बापाने हात जोडावेत असं हे काम.

लीळाचरित्राची हकिगत तर याहून थरारक. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभट सराळेकरांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस माणसांना भेटून, विचारून, पडताळून गोळा केल्या. पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत ती पोथीच गेली. बॅकअप नव्हता. पण ज्यांनी ती ऐकली होती, पाठ केली होती, अशी माणसं होती. महानुभाव परंपरा त्यात हिराइसेचं नाव घेते. त्यांनी आठवून आठवून ती पुन्हा उभी केली. प्रत्येकाची आठवण थोडी वेगळी, म्हणून वेगवेगळे पाठ तयार झाले आणि अभ्यासकांना शतकभराचं काम मिळालं. साखरपुड्यात पेढा भरवणारा हात कुणाचा, यावर दोन घरांत जो वाद चालू आहे, त्याला पाठभेदाची ही जुनी आणि मानाची परंपरा आहे.

पण महानुभावांची खरी हुशारी पुढेच आहे. त्यांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. बाहेरच्या माणसाला पोथी सापडली तरी वाचता येऊ नये. शतकानुशतकं बाहेरच्यांना ती वाचता आली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या हाती किल्ली लागली, तेव्हा कुठे ते भांडार मराठी वाचकांपुढे आलं. मधल्या सगळ्या काळात पंथातल्या माणसांना मात्र पोथ्या वाचता येत होत्या, कारण किल्ली गुरूकडून शिष्याकडे जात राहिली. कुलूप लावलं आणि किल्ली वारसाला सांगितली. आपण यातलं पहिलं अर्धं काम करतो. बापाच्या फोनला बोटाचा ठसा, पॅटर्न, आणि चार आकडी पिन. बाप गेल्यावर पोरं फोन पुढ्यात घेऊन बसतात आणि जन्मसाल, लग्नसाल, ट्रॅक्टरचा नंबर असं एकेक घालून बघतात.

कुलपाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. याच नेवासा तालुक्यातल्या शनिशिंगणापूरला घरांना परंपरेने दारं नसतात, नुसत्या चौकटी. २०११ साली युको बँकेने तिथे शाखा काढली तीही बिनकुलपाची, असं मोठ्या कौतुकाने छापून आलं होतं. त्या गावातल्या मोबाईललाही स्क्रीन लॉक असतो की नाही, हे कुणीतरी एकदा जाऊन बघायला हवं. माझा अंदाज, असतो. शनिमहाराज चोरांकडे बघतात. गॅलरीत डोकावणाऱ्या मेहुण्यांचं खातं बहुधा त्यांच्याकडे नसावं.

प्रती जपण्याचं आजचं उदाहरण हवं असेल तर अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याला जा. राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती गावरान बियाणं जपल्याबद्दल. वाल, भात, नाचणी, भाज्या. मडक्यात, राखेत, जिथे जे टिकतं तिथे. पण बियाणं नुसतं मडक्यात झाकून ठेवलं असतं तर एका घुशीने सगळा हिशेब चुकता केला असता. त्या ते शेतकऱ्यांना पेरायला देतात. दर हंगामात बी दुसऱ्याच्या रानात उगवतं, म्हणजे एका घरातलं गेलं तरी वाण जात नाही, आणि अजून उगवतं आहे याचीही परीक्षा होते. आपल्याकडे हार्ड डिस्क असते, ती कपाटात साडीत गुंडाळलेली असते, आणि पाच वर्षांनी लावली की टक-टक आवाज करते.

लग्नाच्या फोटोग्राफरांना या बाबतीत बोलतं करावं. त्यांच्याकडे दुःखाचं भांडार आहे. पूर्वी स्टुडिओत निगेटिव्ह असायच्या, पाकिटावर पेन्सिलीने नाव; वीस वर्षांनी गेलात तरी माळ्यावरून काढून द्यायचे. शिवाय लग्नाचा एकेक फोटो मामाकडे, आत्याकडे, पंगतीतल्या मानापमानाप्रमाणे वाटला जायचा. आता एका लग्नाचा डेटा इतका की फोटोग्राफर भाऊ आधीच सांगतात, "करिज्मा अल्बम घेऊन जा आणि हार्ड डिस्क आणा, सगळं भरून देतो, नंतर माझी जबाबदारी नाही." माणसं अल्बम नेतात. हार्ड डिस्क आणायची राहते. सलाबतखानाच्या मकबऱ्यावर, ज्याला सगळं नगर चांदबीबीचा महाल म्हणतं, तिथे धूर सोडून प्री-वेडिंग करायला हजारो रुपये खर्च केलेले असतात. ते ठेवायच्या डिस्कचे पैसे महाग वाटतात. मग पहिल्या बाळाच्या बारशाला फोन येतो, "भाऊ, आमचा लग्नाचा व्हिडिओ असंल ना तुमच्याकडं?" भाऊ मोठा श्वास घेतात.

जे बॅकअप घेतात त्यांच्याही तऱ्हा आहेत. एक वर्ग कंप्युटरच्या सी ड्राईव्हमधलं डी ड्राईव्हमध्ये कॉपी करतो आणि शांत झोपतो. सी आणि डी ही एकाच डिस्कची वाटणी. डिस्क गेली की दोघंही एकाच वेळी जातात. (वाटणीवरून आठवलं. आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, आणि त्याच्या विभाजनाची मागणी कित्येक दशकं चालू आहे. मुख्यालय संगमनेर, श्रीरामपूर की शिर्डी, इथे ती अडते. डिस्कची वाटणी निदान पाच मिनिटांत होते.) दुसरा वर्ग 'नवीन', 'नवीन नवीन', 'न्यू फोल्डर २' आणि 'फायनल जुना' असे फोल्डर करतो. २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पाट्या बदलल्या. पण या फोल्डरांची नावं कुठल्याच सरकारला बदलता येणार नाहीत. तिसरा वर्ग यात्रेतून पाचशे बारा जीबीचा पेनड्राईव्ह तीनशे रुपयांत आणतो. तो कंप्युटरला लावल्यावर पाचशे बारा जीबी असंच दाखवतो, सगळं पोटात घेतो आणि काहीही परत देत नाही. आत जागा असते थोडीशीच, आकडा तेवढा खोटा लिहिलेला.

चौथा वर्ग सर्वांत मोठा: "व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकलेत, आता कुठं जातात?" जात नाहीत, पण आटतात. व्हॉट्सअ‍ॅप नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान करून पाठवतं. मूळ आकारात हवा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा लागतो. हे कळतं फ्लेक्सवाल्याकडे. वाढदिवसाचा फ्लेक्स असो की श्रद्धांजलीचा, तो आधी म्हणतो, "ओरिजिनल पाठवा." ओरिजिनल नसतोच. मग कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून आण्णांना कापून काढतात, आणि चौकात दहा बाय पंधराच्या फ्लेक्सवर आण्णा झळकतात. चेहऱ्याचे चौकोन मोजता येतात, आणि डाव्या खांद्यावर एक अनोळखी हात राहून गेलेला असतो.

मोठ्या लोकांचंही काही वेगळं नाही, एवढाच दिलासा. चंद्रावर पहिलं पाऊल पडलं त्या प्रक्षेपणाच्या मूळ टेपा खुद्द नासाने पुसून पुन्हा वापरल्या असाव्यात, असा निष्कर्ष त्यांनाच २००९ साली काढावा लागला. १९९८ मध्ये पिक्सारमध्ये कुणीतरी एक चुकीची आज्ञा दिली आणि 'टॉय स्टोरी २' हा होऊ घातलेला सिनेमा डोळ्यांदेखत उडायला लागला. बॅकअप होता, पण तो नीट चालत नव्हता हे त्या दिवशी कळलं. सिनेमा वाचला तो गॅलिन सुसमन या बाईंमुळे. बाळंतपणामुळे त्या घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या कंप्युटरवर एक प्रत होती. ती गोधडीत गुंडाळून, मोटारीत सांभाळून ऑफिसात आणली. एवढी मोठी कंपनी, आणि शेवटी सगळं बाळंतिणीच्या खोलीतून निघालं. गोधडीत काय गुंडाळावं, हे त्यांना आपल्यापेक्षा बरं कळतं.

पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने तीन-दोन-एक असा नियम रूढ केला: प्रती तीन, साधनं दोन प्रकारची, आणि त्यांतली एक प्रत घराबाहेर. त्याचा नगरी अनुवाद असा: एक फोनमध्ये, एक साडीतल्या हार्ड डिस्कवर (अधूनमधून लावून बघायची, उगवते का), आणि एक ढगात किंवा पुण्याच्या लेकीकडे. लेकीकडे ठेवलेली प्रत ढगातल्यापेक्षा भरवशाची, कारण तिचा पासवर्ड विसरला तरी ती फोन उचलते. ढगात गूगल १५ जीबी फुकट देतं. २०२१ च्या जूनपासून फोटोही त्यातच मोजतात आणि अँड्रॉईडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही आता त्यातच जातो, म्हणजे जागा सुप्रभातांनीच भरते. आणखी हवी तर महिन्याला सव्वाशे-दीडशे रुपये पडतात. 'फोटोला कसले पैसे?' असं विचारणारा माणूस एवढे पैसे आठवड्याभरात मावा खाऊन नगर-मनमाड रस्त्यावर थुंकतो, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

नानांचा बोर्ड तिसऱ्या दिवशी मिनिटभर सुरू झाला आणि बंद पडला. दुकानदार मुलाने त्यांच्या थोरल्या पोराला फोन लावून विचारलं, आजीचा तो फोटो कुणाला पाठवला होता का? पाठवला होता. मुंबईच्या आत्याला, आणि आत्याने तो कुणाला दाखवायला म्हणून छापून घेतला होता. कागदावर, साठ-सत्तर रुपयांत. दुकानदार मुलाने दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत; तांदूळ मात्र नाना घेऊन गेले.

३१ मार्च हा जागतिक बॅकअप दिवस म्हणून पाळतात. ज्याने कुणी हा दिवस ठरवला त्याला सोसायटीचं कर्ज कधी फेडायचं असतं हे माहीत नसावं. त्या दिवशी आपल्या जिल्ह्यात नवं-जुनं करण्यापलीकडे कुणाला दुसरं काही सुचत नाही. तेव्हा मार्चची वाट न बघता येत्या रविवारी बसा. गाई, डीपी आणि चपला राहू द्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे, लेकरांचे फोटो तेवढे निवडा. दोन ठिकाणी आणखी ठेवा, दहा-वीस कागदावर छापून घ्या, मामाला आणि आत्याला एकेक पाठवा. जीमेलचा आयडी आणि पासवर्ड वहीत लिहा, वही कपाटात ठेवा, कपाटाला कुलूप लावा आणि किल्ली कुठे असते ते घरात सांगून ठेवा. शिंगणापूरकरांनी शेवटच्या दोन सूचना सोडून दिल्या तरी चालेल.